पिंपल्ससाठी पहिल्यांदा स्किनच्या डॉक्टरकडे जाताय? आधी फोन तयार करा

एरवी मी इथे बॅटरी, यूपीआयची फसवणूक, कॅमेऱ्याच्या सेटिंग असल्या गोष्टींवर लिहिते. आजचा विषय चेहऱ्यावरच्या पिंपल्सचा आहे. टेक्नॉलॉजीच्या साईटवर हे काय, असं वाटेल. पण स्किनच्या डॉक्टरकडची माझी पहिली भेट पूर्ण वाया गेली होती, आणि जी माहिती मला सांगता आली नाही ती सगळी माझ्या खिशातल्या फोनमध्ये सहज मावली असती. म्हणून हा लेख.

मी मूळची शेंदूरजनाघाटची. वरूड तालुका, जिल्हा अमरावती, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याच्या कलमांसाठी आमचं गाव ओळखलं जातं. शाळा-कॉलेज होईपर्यंत मला एक पिंपल नव्हता. पुण्यात नोकरी लागली आणि सव्विसाव्या वर्षी हनुवटीवर, जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी यायला लागल्या. 'हे तर दहावी-बारावीतल्या पोरांना होतं' असं मलाही वाटायचं. नंतर कळलं की पंचविशीनंतरही ॲक्ने होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि अनेकींना तो नेमका चेहऱ्याच्या खालच्या भागात येतो.

वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आले तेव्हा पाहुणे बघायला येणार होते. आईचं सुरू झालं, "पाहुणे येऊन राह्यले ना वं, तोंडाले काहीतरी लाव!" मी एका मेडिकलमधून, कुणाच्या तरी सांगण्यावरून, एक ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा एकदम साफ. आई खूश, मी खूश. पाहुणे आले, गेले, जमलं नाही (ते वेगळ्या कारणाने, त्याचं दुःख नाही). दीड महिन्याने ट्यूब संपली आणि आठवड्याभरात गाल लाल, आग होतेय, आधी नव्हते त्या जागीही बारीक पुरळ. परत ट्यूब आणली, परत साफ. बंद केली, परत भडका. असं चार महिने चाललं.

शेवटी अमरावतीला गेले. गावाहून वरूड, वरूडहून मोर्शीमार्गे एसटी, मग रांगेत दोन तास. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आतापर्यंत काय काय लावलं?" मी म्हणाले, "एक क्रीम होती, छोटी ट्यूब, पांढरी-हिरवी." नाव? आठवत नाही. किती दिवस? "बरेच." सुरुवातीला कसं दिसत होतं? फोटो दाखवायला गॅलरी उघडली तर सगळे सेल्फी फिल्टरवाले, गाल लोण्यासारखे. डॉक्टर हसल्या नाहीत, पण मला स्वतःचीच लाज वाटली. पाच-सात मिनिटांत बाहेर. "घरी जाऊन ट्यूब शोधा, पुढच्या वेळी घेऊन या." म्हणजे अजून एक दिवस, अजून एक एसटी.

कामाच्या ठिकाणी 'ॲप चालत नाहीये' एवढंच लिहून कुणी तक्रार टाकली तर मी चिडते. कुठला फोन, कुठलं व्हर्जन, काय केल्यावर बंद पडलं, स्क्रीनशॉट कुठे आहे? यातलं काहीच नसेल तर मी काय दुरुस्त करू? आणि डॉक्टरसमोर मी अगदी तशीच तक्रार घेऊन बसले होते. गावात हे जास्त चांगलं कळतं. संत्र्याची पानं पिवळी पडली तर माणूस नुसता 'झाड बिघडलं' सांगायला जात नाही. फांदी तोडून सोबत नेतो, आणि पाणी किती, बहार कोणता धरला, शेवटची फवारणी कशाची, हे त्याला तोंडपाठ असतं. झाडासाठी आपण जेवढं करतो तेवढं तोंडासाठी करायचं, बस.

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने विचारलं. पोलीस भरतीची तयारी करतो, वय तेवीस, कपाळ आणि पाठ पिंपल्सने भरलेली. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

फोटो: फोन खोटं बोलतो हे आधी समजून घ्या

तुमचा फोन फोटो 'काढत' नाही, तो फोटो बनवतो. बटण दाबल्यावर तो एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावलीतला भाग उजळतो आणि कमी उजेडात येणारे दाणे पुसतो. त्याच्या हिशोबात बारीक दाणे म्हणजे खराबी. आता पिंपलचा खडबडीतपणाही बारीक दाणाच आहे. म्हणजे रात्री ट्यूबलाईटखाली काढलेल्या फोटोत अर्धे पुरळ सॉफ्टवेअरच गिळून टाकतं. त्यावर सेल्फी कॅमेऱ्यात अनेक कंपन्या 'ब्यूटी' मोड आधीपासून चालू ठेवूनच देतात. तुम्ही कधी चालू केला नसेल, तरी तो चालू असू शकतो.

म्हणून सेल्फी कॅमेरा नको, मागचा वापरा. ब्यूटी, पोर्ट्रेट, फिल्टर सगळं बंद. सकाळी खिडकीजवळ उभं राहायचं, ऊन थेट तोंडावर नको, नुसता उजेड हवा. फ्लॅश बंद, कारण फ्लॅशने त्वचा चमकते आणि लाली उडून जाते. फोन हातभर लांब धरा. फार जवळ नेला की फोकस सुटतो आणि नाक फुगतं. झूम १एक्सवर ठेवा. शक्य असेल तर घरातल्या कुणाला फोटो काढायला सांगा, नाहीतर पेल्याला फोन टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा.

एक छोटी युक्ती आहे, मला ती फार उपयोगी पडली. गालाशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरायचा. फोन आजूबाजूचे रंग बघून सगळ्या फोटोचा रंग ठरवतो. मागे पिवळी भिंत असली की चेहराही वेगळा दिसतो. कागद फोटोत असला की बघणाऱ्याला अंदाज येतो की इथलं पांढरं खरंच पांढरं आहे का. म्हणजे गालावरची लाली खरी की कॅमेऱ्याची, ते कळतं.

समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक. पाठीवर, छातीवर असेल तर त्याचेही. मेकअप नको, तोंड धुवून पाच-दहा मिनिटांनी. आठवड्यातून एकदाच, त्याच खिडकीत, त्याच वेळी. रोज काढू नका. रोज बघितलं की काही बदललेलं दिसत नाही आणि उगाच जीव खालीवर होतो.

हे फोटो मुख्य गॅलरीत नकोत. गुगल फोटोजमध्ये 'लॉक्ड फोल्डर' आहे, आयफोनमध्ये 'हिडन' अल्बम आहे, तिथे टाका. मित्राने रील दाखवायला फोन घेतला आणि पाठीचे फोटो उघडले, असं नको व्हायला. फक्त लॉक्ड फोल्डरचा बॅकअप चालू आहे का ते आधी बघून घ्या, नाहीतर फोन हरवला की फोटोही गेले.

आणि डॉक्टरांच्या क्लिनिकने फोटो व्हॉट्सॲपवर मागितले तर? साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक तपशील जातो. 'एचडी' निवडा किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाईलमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाणही लिहिलेलं असू शकतं. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लोकेशन' आधीच बंद करा.

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं

दुसऱ्या भेटीच्या आधी मी घर पालथं घातलं. ती ट्यूब सापडली, आईच्या शिवणाच्या डब्यात. पुढे मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, मागे मुंगीएवढ्या अक्षरात घटक. फोटो काढून मोठा केला. त्यात 'मोमेटासोन' होतं, सोबत 'हायड्रोक्विनोन' आणि 'ट्रेटिनॉईन'. पहिलं स्टेरॉईड आहे. दुसरं डाग फिकट करण्याचं औषध. तिसरं खरं तर पिंपल्सवरही वापरतात. डागांसाठी डॉक्टर ठरावीक दिवस असं मिश्रण देतात, पण आपल्याकडे ते गोरं व्हायची क्रीम म्हणून सर्रास लावलं जातं.

स्टेरॉईडचं काम असं की ते सूज आणि लाली पटकन दाबतं. म्हणून चार दिवसांत चेहरा साफ. पण महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, केस वाढू शकतात, आणि स्टेरॉईडमुळेच नवे पिंपल्स येतात. थांबवलं की आग-लाली उसळते, माणूस घाबरून परत लावतो. आपल्या देशात हे इतकं झालंय की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलं, 'टॉपिकल स्टेरॉईड डॅमेज्ड फेस', आणि त्यांच्या आयएडीव्हीएल या देशपातळीवरच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या अनेक स्टेरॉईड औषधांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. काउंटरवर काय होतं ते तुम्हाला-मला माहीत आहे.

तुमच्याकडच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉईड आहे. अक्षरं वाचता येत नसतील तर गुगल लेन्सने फोटोतला मजकूर कॉपी करा आणि नोट्समध्ये मोठा करून वाचा. लेन्स अक्षरं बरी ओळखतं, पण चमकदार, दुमडलेल्या ट्यूबवर 'सोन'चं भलतंच काही करतं, म्हणून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. वेष्टनावर लाल रेघ किंवा 'आरएक्स' असं चिन्ह असेल तर ते चिठ्ठीवरचं औषध.

सापडली ट्यूब म्हणून घाबरून जाऊ नका. बरेच दिवस लावत असाल तर अचानक बंद केल्यावर भडका उडू शकतो, म्हणून बंद कशी करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका. आणि लपवू तर अजिबात नका. मी दुसऱ्या भेटीत ट्यूब टेबलावर ठेवली तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "हे कळलं ना, आता काम सोपं झालं."

ट्यूब, फेसवॉश, सीरम, सनस्क्रीन, केसांचं तेल, सगळ्यांच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो एकाच अल्बममध्ये ठेवा. केसांचं तेल का, तर तेल-पोमेड कपाळावर उतरून छिद्रं बुजतात आणि केसांच्या कडेने बारीक दाणे येतात. घरगुती उपायही लिहा. आमच्याकडे संत्र्याच्या वाळलेल्या सालीची भुकटी तोंडाला घासणं हा जवळजवळ धर्म आहे. कुणाला चालते, पण सुजलेल्या पिंपलवर खरखरीत भुकटी घासली की तो अजून चिडतो. लिंबाचं मात्र स्पष्ट सांगते: लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्यातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजू शकते आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. मे महिन्यात वरूडच्या उन्हात तर नकोच नको.

एक पानाची नोट

आता नोट्स ॲप उघडा. निबंध नको, एका स्क्रीनमध्ये मावेल एवढंच. केव्हा सुरू झालं, कुठे येतं, दुखतं की खाजतं, कशाने वाढतं, काय काय किती दिवस लावलं आणि त्याने काय झालं.

'दुखतं की खाजतं' हा शब्दांचा खेळ नाही. पिंपल होतो तो छिद्र बुजल्यामुळे: त्वचेतलं तेल आणि मेलेल्या पेशी अडकतात, आत राहणारे जिवाणू वाढतात, सूज येते. पण कपाळावर, छाती-पाठीवर एकसारखे, एकाच मापाचे, खाजणारे बारीक दाणे असतील तर ते केसांच्या मुळाशी वाढलेल्या यीस्टमुळेही असू शकतात. दिसायला पिंपलच, औषध मात्र वेगळं. फरक डॉक्टर बघून ठरवतील, पण खाज येते हे तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कसं कळणार?

मावसभावाच्या नोटमध्ये मी 'प्रोटीन पावडर' हा शब्द टाकायला लावला. "कायले ताई, ते तं ताकदीसाठी हाय." असू दे. व्हे प्रोटीनने काही जणांचे पिंपल्स वाढतात असं दिसून आलंय. आणि जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील तर तेही लिही म्हटलं; अंगावर मांस चढवणाऱ्या स्टेरॉईडने जबर पिंपल्स येतात. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "इंजेक्शन नाय घेतलं, बाप्पा. खरंच." बाकी गोळ्यांचंही तसंच. फिटची, टीबीची, मानसिक आजाराची काही औषधं, बी-१२ची इंजेक्शनं, यांनीही पुरळ येऊ शकतं. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी नोटमध्ये. मात्र पिंपल्ससाठी म्हणून कुठलीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.

मुलींसाठी: मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा सोबत ठेवा. पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस, डोक्यावरचे केस विरळ, असं एकत्र असेल तर डॉक्टर पीसीओएसच्या तपासण्या सांगू शकतात. पाळी मोजणारं ॲप वापरत असाल तर ठीक, पण ते कसली परवानगी मागतं ते बघा. साध्या कॅलेंडरमध्ये एक ठिपका मांडला तरी काम होतं. लग्न झालेलं असो-नसो, गरोदर असाल, तशी शक्यता असेल किंवा येत्या वर्षात विचार असेल तर ते सांगणं फार महत्त्वाचं. आयसोट्रेटिनॉईन नावाची गोळी जुनाट, खोल पिंपल्सवर खूप प्रभावी आहे, पण गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये. सोबत आई किंवा सासूबाई असतील आणि बोलता येत नसेल तर नोटमध्ये एक ओळ लिहून फोन डॉक्टरांपुढे सरकवा. मी स्वतः तसंच केलं होतं. एक मिनिटही लागलं नाही.

ही गोळी मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून घेणाऱ्या दोघी माझ्या ओळखीत आहेत. नका करू. तिच्यासोबत रक्ताच्या तपासण्या लागतात, आणि पिंपल्ससाठीच देतात ती काही अँटिबायोटिक्स तिच्यासोबत चालत नाहीत.

'एआय'ला फोटो दाखवला तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. प्ले स्टोअरवर चेहरा स्कॅन करून 'तुमचा स्किन स्कोअर ६२' सांगणारी ॲप्स ढिगाने आहेत. स्कोअरच्या खाली काय असतं? खरेदीचं बटण. दुकानदाराने केलेलं निदान म्हणून त्याकडे बघा.

प्रामाणिकपणे बनवलेली सिस्टीमही हजारो फोटोंवरून शिकते. त्वचेच्या अशा फोटोसंग्रहांमध्ये गोऱ्या त्वचेचे फोटो जास्त आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेचे कमी, ही जुनी अडचण आहे. गोऱ्या त्वचेवर सूज लाल दिसते. आपल्याकडे ती बऱ्याचदा तपकिरी, जांभळट दिसते आणि नंतर काळा डाग उरतो. जे मॉडेलने फार बघितलंच नाही ते त्याला कसं ओळखता येईल? गुगलने मे २०२१ मध्ये आपलं त्वचा ओळखणारं टूल जाहीर केलं तेव्हाही ते निदानाला किंवा डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही, हे त्यांनीच स्पष्ट केलं होतं.

चॅटबॉटचा उपयोग मी करते, पण वेगळ्या कामाला. ट्यूबवरचे घटक लिहून 'यात स्टेरॉईड कोणतं' विचारते, किंवा माझी लांबलचक नोट दहा ओळींत आणून घेते. उत्तर डॉक्टरांना विचारायच्या यादीत जातं, तोंडावर नाही. चेहऱ्याचा फोटो कुठल्याही अनोळखी ॲपला देण्याआधी विचार करा: पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

कुणाकडे जायचं, आणि फोनवर चालेल का

पाटीवर 'स्किन केअर', 'कॉस्मेटोलॉजिस्ट', 'लेझर सेंटर' असं काहीही असू शकतं. तुम्हाला हवी ती पदवी म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल असा डिप्लोमा. 'डीव्हीएल' दिसलं तर त्याचा अर्थ त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग, तिन्ही मिळून एकच शाखा आहे. पाटी वाचून लाजून परत फिरू नका, माझी एक मैत्रीण फिरली होती. डॉक्टरांचं नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाईटवरच्या रजिस्टरमध्ये शोधता येतं.

आमच्या भागात त्वचारोगतज्ज्ञासाठी बहुतेक लोक अमरावती किंवा नागपूर गाठतात. अकोल्याकडच्यांना तिथलं शासकीय मेडिकल कॉलेज आहे. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत त्वचारोगाचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खूप कमी येतो, फक्त सकाळी लवकर पोहोचायला हवं आणि विभागाचा वार आधी विचारून घ्यायला हवा. ज्या सरकारी दवाखान्यांत क्यूआर कोड लावलाय तिथे आभा ॲपने स्कॅन करून केसपेपरचा टोकन नंबर मिळतो, रांग थोडी वाचते. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक. तो नसला तरी उपचार मिळतात, त्यासाठी अडून बसू नका.

मावसभाऊ म्हणाला, "ताई, फोनवरच दाखवून दे ना कोणाले, एसटीचा तरास नाही." सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, मोफत आहे, आणि २०२० च्या लॉकडाऊनपासून घरबसल्या वापरता येते. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर तपासून ठरावीक औषधं लिहून देऊ शकतात. जाणं शक्यच नसेल तर जरूर वापरा, वर सांगितलेले फोटो तिथे फार कामाला येतात. पण माझं मत विचाराल तर पहिली भेट समोरासमोर करा. गाठ किती खोल आहे ते बोटाने दाबून कळतं, आमच्या गावच्या नेटवर्कवर अडकत-अडकत चालणाऱ्या व्हिडिओत नाही. पुढच्या भेटी फोनवर चालतील का, ते तेव्हाच विचारून घ्या.

त्या दिवशी

मेकअप नको. आदल्या रात्री पिंपल फोडू नका, डॉक्टरांना मूळ रूपच बघायचं असतं. नोटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मोर्शीच्या पुढे-मागे रेंज जाते आणि क्लाऊडमधली नोट नेमकी तेव्हाच उघडत नाही. चार्जिंग बघा. ट्यूब हाताशी असतील तर फोटोवर न थांबता त्याच पिशवीत टाका.

आत गेल्यावर पहिल्या वाक्यात मुद्दा सांगा. 'दोन वर्षांपासून हनुवटीवर दुखऱ्या गाठी, चार महिने ही स्टेरॉईडची क्रीम लावली, बंद केली की भडकतं.' एवढ्या एका वाक्याने माझी दुसरी भेट पहिलीपेक्षा पूर्ण वेगळी झाली. डॉक्टरांना फोन हातात देताना फक्त तोच अल्बम उघडा ठेवा.

बाहेर पडण्याआधी विचारायचं: कुठलं औषध सकाळी, कुठलं रात्री? किती? (ॲडापॅलीनसारखं औषध साधारण वाटाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला लावतात, फक्त पिंपलवर टिकली लावून नाही. मी हे वर्षभर चुकीचंच केलं असतं.) त्वचा सोलली, आग झाली तर काय करायचं? फरक कधी दिसेल? परत कधी यायचं? उत्तरं तिथेच टाईप करा. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी परवानगी मागा, गुपचूप नको. चिठ्ठीचा फोटो काढा, अक्षर लागत नसेल तर तिथेच वाचून घ्या.

'फरक कधी' याचं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. लावायच्या औषधांना सहा ते आठ आठवडे लागतात, नीट निकाल दिसायला तीन महिनेही. ॲडापॅलीन, ट्रेटिनॉईनने सुरुवातीला कोरडेपणा येतो, कधी पिंपल्स थोडे वाढतातही. सगळ्यात जास्त लोक तिसऱ्या आठवड्यात औषध सोडतात आणि परत त्या 'चार दिवसांत साफ' ट्यूबकडे जातात. इथे आठवड्याच्या फोटोंचा खरा उपयोग होतो. आरशात मला दीड महिना काहीच फरक दिसत नव्हता. मग पहिल्या आणि सातव्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवला. गाठी अर्ध्या झाल्या होत्या.

रात्रीच्या औषधाचा रोज साडेनऊचा अलार्म लावा. बेंझॉईल पेरॉक्साईड दिलं असेल तर पांढरा टॉवेल आणि जुनी उशी वापरा. ते कपड्याचा रंग उडवतं. आईच्या नव्या चादरीवर माझ्या गालाचा नकाशा अजून आहे.

काही गोष्टींत पुढच्या तारखेची वाट बघायची नसते. औषधानंतर अंगावर फोड, तोंड-ओठ-डोळ्यांना सूज, श्वासाला त्रास, किंवा मोठ्या गाठींसोबत ताप: त्याच दिवशी दवाखाना. आणि चेहऱ्यामुळे बाहेर जाणं बंद झालं असेल, कॅमेरा बंद ठेवूनच मीटिंग करत असाल, जीव नकोसा वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच लक्षण आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मी सहा महिने कॅमेरा बंद ठेवला होता. टीमला वाटायचं, गावाकडे नेट खराब आहे.

मावसभावाचा नंबर परवा लागला. तपासून डॉक्टर म्हणाले, पाठीवरचे पिंपल्स आहेत, पण कपाळावरचे खाजणारे दाणे बहुतेक यीस्टचे, दोन्हींची औषधं वेगळी. प्रोटीन पावडर महिनाभर थांबवून बघायला सांगितलंय. संध्याकाळी त्याने मला खिडकीतला पहिला फोटो पाठवला, गालाशेजारी पांढरा कागद धरून. कागदावर भरतीच्या ग्राउंडचं टाईमटेबल लिहिलेलं होतं. पुढच्या रविवारी कोरा कागद घे म्हटलं.